मोफत वीज, पण किती तास?

महाराष्ट्रात विजेची चर्चा बहुधा दरापाशी सुरू होते आणि तिथेच अडते. 2024मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज पाच वर्षांसाठी मोफत झाली, तेव्हाही वाद झाला तो अनुदानाच्या बोजावर. इथे नायजेरियातल्या लागोसमध्ये जागा भाड्याने घेणारा आधी विचारतो, फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी वाहिनी, कोणत्या बँडचा?

नायजेरियात 2020पासून ग्राहकांचे पाच बँड आहेत. ए बँडला दिवसाला किमान 20 तास वीज, पुढे 16, 12, 8 आणि ई बँडला 4. एप्रिल 2024मध्ये ए बँडचा दर युनिटला 68 नायरांवरून एकदम 225 झाला. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. कारखानदाराचं गणित मात्र निराळं होतं. जनरेटर लिटरभर डिझेलमागे साधारण 3 ते साडेतीन युनिट देतो. डिझेल हजार नायरांपुढे गेलं की नुसतं इंधनच युनिटला 300 नायरांच्या आसपास पडतं. वर ऑइल, फिल्टर, देखभाल वेगळी. त्यात प्लॅस्टिकच्या मोल्डिंग मशीनची वीज मध्येच गेली की बॅरलमधला वितळलेला माल अडकतो. पुन्हा तापवा, खराब माल काढा, मग कुठे विकण्याजोगा नग पडतो.

आपल्याकडच्या शेतीपंपाचा असा हिशेब कोणी मांडत नाही. 415ऐवजी 330 व्होल्ट मिळाले तर मोटारीचं सुरू होतानाचं बळ 63 टक्क्यांवर येतं, कारण ते व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. मोटार जास्त करंट ओढते, तापते, जळते. वीज केव्हा येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी पंप आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच लावतो. मग वीज येताच एका डीपीवरचे, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकदम सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, आणि 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हा धक्का रोज सोसतो. 5 अश्वशक्तीच्या मोटारीला व्होल्टेज सावरणारा 2 केव्हीएआरचा कपॅसिटर लावा, ऑटोस्विच काढा, हा सल्ला बरोबरच आहे. पण वेळापत्रक पाळलं जात नसेल तर ऑटोस्विच कोण काढणार? डीपी जळाली की उभं पीक वाळतं, मोटार भरून घ्यायचा खर्च पदरी पडतो. मोफत बिलात यातलं काहीच दिसत नाही.

नायजेरियाची पद्धत जशीच्या तशी आणावी, असं मी म्हणणार नाही. ए बँडचे 20 तास भरताना खालच्या बँडांची वीज तुटते, आणि तिथे गरीब वस्त्या आहेत. गळती आणि वसुलीनुसार गट पाडून केलेलं भारनियमन महाराष्ट्रानेही भोगलं आहे. घ्यायचं ते एवढंच: पैसा तासांना बांधायचा. शेतकरी बिल भरत नाही, तेव्हा बिल रोखून धरण्याचं हत्यार त्याच्या हाती नाही. ते सरकारच्या हाती आहे. महावितरणला मिळणारं अनुदान फीडर मीटरवर नोंदलेल्या तीन-फेज तासांवर आणि ठरलेल्या मर्यादेतल्या व्होल्टेजवर द्यावं. कमी तास, कमी अनुदान. फीडर मीटरला मात्र शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज दिसत नाही, म्हणून टोकाच्या डीपीवरही मीटर हवा. सौर फीडरने दिवसा वीज मिळेल हे खरं, पण तार आणि डीपी जुनीच राहिली तर मोटारी जळतच राहतील. ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर 48 तासांत बदलण्याचा नियम आहेच. तो मोडला त्या दिवसांचं अनुदान थेट त्या डीपीवरच्या शेतकऱ्यांच्या खात्यात जमा व्हावं.