व्हीएममध्ये व्हीपीएन लावला की ‘काहीच गळत नाही’? गळतं, आणि ते इथून

‘व्हर्च्युअलबॉक्समध्ये छोटं लिनक्स टाका, त्यात व्हीपीएन चालू करा, सॉक्स प्रॉक्सी बसवा आणि फायरफॉक्सला तिचा पत्ता द्या. खरा आयपी कुठेच जात नाही, डीएनएस गळत नाही, व्हायरस व्हीएममध्येच अडकतो आणि तुम्ही पूर्ण निनावी.’ हा सल्ला बराच फिरतोय. (व्हर्च्युअलबॉक्स तुमच्या संगणकात दुसरा संगणक चालवतो, तो व्हीएम; तुमचा खरा संगणक म्हणजे होस्ट. व्हीपीएन रहदारी एका कूटबद्ध वाटेने, म्हणजे टनेलमधून, आपल्या सर्व्हरमार्गे नेतो. सॉक्स प्रॉक्सी ही ब्राउझरच्या विनंत्या पुढे पाठवणारी मध्यस्थ, आणि डीएनएस साइटच्या नावाचा आयपी शोधून देतो.) मांडणी कामाची आहे. पण तिच्या नावावर खपवलेले चारही दावे जसेच्या तसे खरे नाहीत, आणि लोक त्यांच्यावर विसंबतात.

आधी मांडणी नीट करू. डेबियनची किमान प्रत, ५१२ एमबी रॅम, एक कोअर आणि ८ जीबी डिस्क पुरते. नेटवर्क कार्डं दोन: पहिलं नॅट (होस्टमधून इंटरनेटला जाणारं), दुसरं होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि व्हीएममधलं). दुसऱ्यावर होस्टचा पत्ता बहुधा १९२.१६८.५६.१ असतो, व्हीएमला १९२.१६८.५६.१० असा कायमचा पत्ता द्या. आत वायरगार्ड हा व्हीपीएन आणि डान्टे हा सॉक्स सर्व्हर, १०८० पोर्टवर, फक्त याच पत्त्यावर ऐकणारा. कार्ड ब्रिज्ड (थेट बाहेरच्या वायफायला जोडलेलं) ठेवून ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, ऐकत बसवलात, तर हॉस्टेलच्या वायफायवरचा कोणीही तुमच्या व्हीपीएनमधून फिरेल.

‘खरा आयपी कुठेच जात नाही.’ टनेल उभा आहे तोवरच. ओपनव्हीपीएन (वायरगार्डऐवजी वापरला जाणारा दुसरा व्हीपीएन) बंद पडला की त्याने घातलेले राउट, म्हणजे पाकिटांच्या वाटा, निघून जातात, डीफॉल्ट राउट पुन्हा नॅट कार्डाकडे येतो आणि प्रॉक्सी पुढची विनंती घरच्या आयपीवरून पाठवते. ब्राउझरमध्ये काहीच बदललेलं दिसत नाही. वायरगार्डचं वागणं वेगळं: सर्व्हर गप्प झाला तरी इंटरफेस जागेवर राहतो, पाकिटं हरवतात पण बाहेरच्या वाटेने जात नाहीत. तिथे धोका सुरुवातीला असतो, टनेलच्या आधी प्रॉक्सी उठली तर.

दोन्हींवर इलाज एकच, एनएफटेबल्स ही लिनक्सची फायरवॉल. आउटपुट साखळीचं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांचं, धोरण ‘ड्रॉप’ (अडवा) ठेवा. परवानगी फक्त लूपबॅकला (व्हीएमच्या स्वतःशीच होणाऱ्या संवादाला), होस्ट-ओन्ली कार्डाला, टनेलच्या इंटरफेसला, व्हीपीएन सर्व्हरच्या आयपीकडे जाणाऱ्या यूडीपी ५१८२० ला आणि डीएचसीपीसाठी (आपोआप पत्ता मिळवण्यासाठी) यूडीपी ६७ ला. सर्व्हर दुसऱ्या पोर्टवर असेल तर तो पोर्ट. टेबल ‘आयनेट’ प्रकारचं घ्या, म्हणजे आयपीव्ही६ ची वाटही त्याच नियमांनी बंद होते. वायरगार्डच्या फाइलमध्ये सर्व्हरचं नाव न लिहिता आयपी लिहा. नाहीतर नाव सोडवायला डीएनएस हवा, डीएनएसला टनेल हवा, आणि टनेल कधीच उभा राहत नाही.

आणखी एक भोक ब्राउझरमध्येच आहे. सॉक्सची सेटिंग टीसीपीसाठी चालते, पण वेबआरटीसी (ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलचं तंत्र) यूडीपीवरून थेट होस्टच्या वाटेने जाऊ शकतं आणि तुमचा सार्वजनिक आयपी सांगून टाकतं. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण बंद करता येतं. मग त्या प्रोफाइलमधून व्हिडिओ कॉल होणार नाहीत, म्हणून या कामाला वेगळं प्रोफाइल ठेवा.

‘डीएनएस गळत नाही.’ हा दावा सगळ्यात फसवा, कारण गळती दोन ठिकाणी होते. पहिली होस्टवर: सॉक्स ५ वापरताना डीएनएस प्रॉक्सीतून पाठवण्याची खूण फायरफॉक्समध्ये नसेल, तर नावं होस्टच सोडवतो. कर्ल या कमांडमध्येही ‘सॉक्स५’ लिहिलं की नाव होस्टवर सुटतं, ‘सॉक्स५एच’ लिहिलं की प्रॉक्सीकडे जातं.

दुसरी व्हीएमच्या आत, आणि ती फारसं कोणी बघत नाही. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही डीएनएसचा पत्ता असलेली फाइल उघडून पाहा. तिथे १०.०.२.३ दिसला, तर तो व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटचा स्वतःचा डीएनएस आहे आणि तो होस्टच्याच डीएनएसला विचारतो. वायरगार्डमध्ये सगळी रहदारी टनेलमधून न्यायला सांगितलं, तरी नॅट कार्डाचं १०.०.२.० चं जाळं थेट जोडलेलं असल्यामुळे त्याचा नेमका राउट जिंकतो. म्हणजे पान टनेलमधून येतं आणि त्याचं नाव मात्र तुमच्या इंटरनेट कंपनीला कळतं. वायरगार्डच्या फाइलमध्ये ‘डीएनएस’ची ओळ घाला. वरची फायरवॉल ही गळती अडवतेच. पण नावं सुटेनाशी झाली म्हणून वैतागून डीएनएसचा ५३ पोर्ट सरसकट उघडू नका, त्याने भोक परत पडतं.

‘व्हायरस व्हीएममध्येच अडकतो.’ ब्राउझर होस्टवर चालतोय, डाउनलोड होस्टवर उतरतंय. व्हीएममधून फक्त पाकिटं जातात.

‘पूर्ण निनावी.’ त्याच कारणाने हेही नाही. कुकीज, लॉगिन, फॉन्ट, स्क्रीनचा आकार सगळं होस्टचंच. आयपी फ्रँकफर्टचा आणि ब्राउझरचं घड्याळ भारताचं, हे एका साध्या स्क्रिप्टला दिसतं. शिवाय व्हीपीएन पुरवठादाराला तुमचा खरा आयपी दिसतोच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकांची नावं, पत्ते, संपर्क क्रमांक आणि दिलेले आयपी ५ वर्षं ठेवायचे आहेत. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएनने भारतातले सर्व्हर हलवले.

मग ही मांडणी करायची कशाला? एका ब्राउझर प्रोफाइलची रहदारी व्हीपीएनमधून आणि बाकी सगळं, म्हणजे घरचा प्रिंटर, बँक, मुलांचा क्लास, नेहमीच्या वाटेने. यासाठी ती उत्तम आहे.

चालवताना दोन अडचणी हमखास येतात. छोटी पानं उघडतात आणि मोठी लटकतात, तेव्हा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) पाहा: वायरगार्डचा नेहमीचा १४२०, पण घरचं ब्रॉडबँड पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या पद्धतीवर) असेल तर १४१२ करा. आणि चालू अवस्थेतला जुना स्नॅपशॉट (व्हीएमची जतन केलेली स्थिती) परत आणल्यावर टनेल जुळत नसेल, तर व्हीएमचं घड्याळ पाहा. आधीच्यापेक्षा जुनी वेळ असलेला हँडशेक (जोडणी सुरू करणारा निरोप) सर्व्हर नाकारतो, आणि वेळ जुळवणारी सेवा फायरवॉलमागे अडकलेली असते. व्हीएम रीबूट केलं की घड्याळ होस्टवरून येतं.

शेवटी चाचणी. व्हीएमच्या नॅट कार्डावर टीसीपीडंप (पाकिटं दाखवणारी कमांड) लावा आणि चार साइट उघडा. डीएचसीपी आणि एआरपी (जवळच्या जाळ्यातले पत्ते शोधणारी पाकिटं) वगळता एकाच आयपीकडे जाणारं यूडीपी दिसलं पाहिजे. मग टनेल हाताने बंद करा आणि पान रीफ्रेश करा. पान उघडलं, तर फायरवॉलचे नियम पुन्हा तपासा.