पाच प्रसूती केंद्रे आणि एक पत्रकार परिषद

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले आणि अफगाण दूतावासातील त्यांच्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश मिळाला नाही, तेव्हा स्टॉकहोममध्ये बसून मी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा वाद वाचत होते. संताप रास्त होता आणि तो कामीही आला. दोनच दिवसांनी दुसरी परिषद झाली व महिला पुढच्या रांगेत बसल्या. मात्र त्याच भेटीच्या संयुक्त निवेदनात पक्तिका, खोस्त आणि पक्तिया या प्रांतांत भारत पाच प्रसूती केंद्रे उभारणार असल्याचे म्हटले होते, आणि त्यावर आमच्या गटात कुणी चकार शब्द काढला नाही.

मला ते वाक्य अडले ते इथल्या स्वीडिश भाषेच्या वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंमुळे. त्या अफगाणिस्तानात शिकलेल्या सुईण. गावाने मुलगी निवडायची, परदेशी मदतीतून तिला दोन वर्षे शिकवायचे आणि तिने आपल्याच भागात परतून बाळंतपणे करायची, अशी ती योजना होती. त्यांचे प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात असते; एका कोपऱ्यात शाई पाण्याने पसरली आहे. महिला सक्षमीकरणाच्या कार्यशाळाही त्यांनी पुष्कळ केल्या. त्यांतून काय मिळाले, असे विचारल्यावर म्हणाल्या, “पिशव्या.” त्यांतली एक कापडी पिशवी इथवर आली आहे, तिच्यातून त्या वर्गात डबा आणतात.

स्वीडनने २०१४ मध्ये स्त्रीवादी परराष्ट्र धोरण जाहीर केले. २०२२ मध्ये नव्या सरकारने ते नाव टाकले आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का मदतीचे उद्दिष्टही सोडून दिले. इथे आता विचारले जाते की अफगाण स्त्रियांसाठी वीस वर्षे दिलेला पैसा तालिबान परतताच वाया गेला ना? टीकेत तथ्य आहे. ७५ हजार स्त्रियांसाठी आखलेल्या ‘प्रोमोट’ या अमेरिकी कार्यक्रमाचा लाभ नेमका कुणाला झाला हे दाखवता येत नाही, असे अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये सांगितले होते. पण पिशव्यांचा खर्च आणि सुईणींचा खर्च एकाच खात्यावर टाकून दोन्ही बुडीत धरणे मला पटत नाही, कारण सत्ता बदलली म्हणून बाईच्या हातातले कसब कुणाला काढून घेता येत नाही.

नव्या हातांना ते मिळू न देणे मात्र शक्य आहे, आणि तालिबानने डिसेंबर २०२४ मध्ये तेच केले: मुलींचे सुईण व परिचारिका प्रशिक्षण बंद केले. म्हणजे भारत इमारत देईल, खाटा देईल, औषधेही देईल; परंतु आज काम करणाऱ्या सुईणी थकल्यावर तिथे कोण उभे राहणार? पुरुष डॉक्टरकडे बाळंतपणासाठी सुनेला नेणारी घरे त्या भागात फारशी नाहीत.

पाकिस्तानला शह द्यायचा तर मदतीला अटी जोडू नयेत, असे माझे काका म्हणतात. काबूलशी संबंध ठेवलेच पाहिजेत, हे मलाही मान्य आहे. तरीही याच भारताने पूर्वी कष्टकरी स्त्रियांच्या ‘सेवा’ या भारतीय संस्थेमार्फत काबूलच्या बाग-ए-जनाना येथे युद्धविधवांना शिवणकाम आणि अन्नप्रक्रिया शिकवली होती, आणि काबूलमधील आपल्या तांत्रिक कार्यालयाला त्याच ऑक्टोबरमध्ये दूतावासाचा दर्जा देऊन तालिबानला हवे ते बरेचसे पदरात घातले आहे. त्या बदल्यात प्रत्येक केंद्राबरोबर सुईणींचा एक वर्ग चालू द्या, एवढे तरी आपण करारात लिहून घ्यायला हवे होते.