आयटीआर भरलाय म्हणून सरकार दहापट पैसे देतं? तो फॉरवर्ड जरा उघडून बघू

सोसायटीच्या ग्रुपवर काल परत तेच आलं. आमचे एक काका रिटर्नचा सीझन आला की न चुकता टाकतात. "एखाद्याचा अपघाती मृत्यू झाला आणि त्याने सलग तीन वर्षं आयकर रिटर्न भरलेलं असेल, तर तीन वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या दहापट रक्कम कुटुंबाला द्यायला सरकार बांधील आहे, मोटार वाहन कायदा १९८८ कलम १६६, सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल, लोकांना माहितीच नाही म्हणून क्लेम करत नाहीत, पुढे पाठवा." खाली हात जोडलेल्यांची रांग. कलमाचा नंबर दिसला की आपल्याकडे पुढचं कोणी वाचत नाही. मी काही वकील नाही, पण मावसभावाच्या अपघाताच्या केससाठी ट्रिब्युनलच्या बाहेरच्या बाकड्यावर दीड वर्ष तारखा मोजल्यात, तेवढ्या जोरावर लिहितोय.

सगळ्यात आधी ते "सरकार". सरकार नाही देत हो. कलम १६६ म्हणजे भरपाईचा अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे, म्हणजेच ट्रिब्युनलकडे, कोणी, कुठे करायचा त्याचं कलम. पैसे भरायचे ज्याच्या गाडीमुळे अपघात झाला त्याने, म्हणजे प्रत्यक्षात त्या गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्स कंपनीने. थर्ड पार्टी सक्तीची आहे ती याचसाठी. गाडीला इन्शुरन्सच नसेल तर मालकाच्या मागे लागा, आणि मालकाकडे काही नसेल तर निकालाचा कागद घरात ठेवून बसा. ज्या निकालाचा फॉरवर्डमध्ये दाखला देतात तो अहमदाबादच्या म्युनिसिपल बस सेवेविरुद्धचा, गेलेला माणूस हिऱ्यांना पॉलिश करणारा कारागीर. तीन वर्षं रिटर्न भरलं की दहापट, असा काही नियम त्यात नाही. बस म्युनिसिपालिटीची, त्यावरून कोणीतरी "सरकार" केलं असावं, हा आपला माझा अंदाज.

ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर मात्र सरकारी योजना आहे, पण तिथे मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. उत्पन्न, रिटर्न कोणी विचारत नाही.

आता दहापट. हा आकडा वाचून लोक खूश होतात, पण पुष्कळ घरांना तो उलटा तोट्यात घालतो! सुप्रीम कोर्टाने २००९ साली सरला वर्मा केसमध्ये वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला कितीने गुणायचं ते, ठरवून दिले, पंचविशीपर्यंत १८ आणि तिथून उतरत उतरत पासष्टीच्या पुढे ५. मग २०१७ च्या प्रणय सेठी निकालात भविष्यातली वाढ किती धरायची ते ठरलं. समजा ३८ वर्षांचा माणूस आहे, स्वतःचा धंदा, वर्षाला ४ लाख, घरी बायको, दोन पोरं आणि आई. चाळिशीच्या आतला धंदेवाला म्हणून ४० टक्के वाढ, झाले ५ लाख ६० हजार. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च पाव हिस्सा वजा, उरले ४ लाख २० हजार. गुणक १५. ६३ लाख झाले, वर थोडीफार ठरलेली रक्कम वेगळी. फॉरवर्डच्या हिशोबाने? ४० लाख. कोणी "४० लाखात मिटवून टाका" म्हणालं तर तो फॉरवर्ड वाचलेलं घर आनंदाने सही करेल. साठीला टेकलेल्या माणसाचं उलट, गुणक ९, तिथे बऱ्याचदा दहापटही होत नाही.

आणि चूक कोणाची हा मुद्दा तर फॉरवर्डमध्ये औषधालाही नाही. स्वतःच भरधाव नेऊन गाडी उलटवली आणि दुसऱ्या कोणाचा दोषच नाही, तर त्याच्या घरच्यांना १६६ खाली भरपाई मिळत नाही, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच पुन्हा सांगितलं. दहा वर्षांचे रिटर्न असले तरी.

मग आयटीआर बिनकामाचा का, तर अजिबात नाही. उत्पन्नाचा तो चांगला पुरावा आहे, पण पुरावाच, तिकीट नाही. आमच्या त्या मावसभावाचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप, रिटर्न दोनच वर्षांचे. वहिनीने बिलबुकं, बँकेचं स्टेटमेंट, लोखंडवाल्याची उधारीची वही, सगळं एका भाजीच्या पिशवीतून आणलं होतं, आणि समोरच्या वकिलाने सगळ्यात जास्त वेळ त्या वहीवरच काढला. रिटर्न मुळीच नसेल तर कोर्ट किमान वेतन वगैरे बघून उत्पन्न ठरवतं, क्लेम बुडत नाही. माणूस गेल्यानंतर घाईघाईने भरलेल्या रिटर्नकडे मात्र सगळेच संशयाने बघतात.

खरी धावपळ करायची ती एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, समोरच्या गाडीचा नंबर आणि तिची पॉलिसी यासाठी. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला द्यायचा असतो, तो गेला का ते विचारत राहा. अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलीय, तिला कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अपघात नागपूरकडे झाला म्हणून दर तारखेला तिकडे पळायचीही गरज नाही, आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्येही अर्ज चालतो.

आणि स्वतःच्याच चुकीने गेलेल्या मालकाच्या घराला जे मिळू शकतं ते त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत असतं, १५ लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर. लायसन्स चालू हवं आणि गाडी त्याच्या नावावर हवी. दुसरीकडे असा कव्हर आधीच असेल तर हा वगळता येतो, आणि प्रीमियम थोडा कमी दिसावा म्हणून नसतानाही "आहे" असं टिक करून टाकतात.

काकांना ग्रुपवर काही बोललो नाही, वयाचा मान असतो. फोन करून म्हटलं, काका, तुमच्या गाडीची पॉलिसी काढा आणि मालक-चालकाच्या पीए कव्हरसमोर काय लिहिलंय ते वाचा. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली, मग म्हणाले, "शून्य." त्यांनी लगेच एजंटला कॉन्फरन्सवर घेतलं. तो म्हणाला, "काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, जरा कमी करून दे."