'नाशिक' आधीपासूनच होतं

दर श्रावणात फिरणारा तो लांबलचक मेसेज यंदा मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला, खाली 'प्रत्येक नाशिककराला पाठवा' या आज्ञेसकट. त्याचं सार असं: हे मुळात गुलशनाबाद नावाचं मोगली ठाणं, पेशव्यांनी त्याला नाशिक नाव देऊन गाव वसवलं. पांडवलेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. काळारामाचं देऊळ रामाच्या काळातलं आणि तिथे कुणालाच कधी मज्जाव नव्हता. गाव जगायचं यात्रेकरूंच्या दक्षिणेवर, उद्योगधंदा आला तो एमआयडीसीबरोबर. मामांना फोन केला, तर ते 'बरं बरं' म्हणून पावसावर घसरले. म्हणून इथे लिहितोय.

गुलशनाबाद हे नाव मोगलांच्या काळात होतं, कबूल. पेशव्यांच्या अमलात ते मागे पडून नाशिक रूढ झालं, हेही कबूल. फक्त 'पुन्हा' हा शब्द मेसेजमधून गळालाय. पांडवलेण्यांतल्या 19व्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे: सातवाहन राजा कण्ह याच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे बड्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर, आणि त्यात गावाचं नाव स्वच्छ कोरलेलं. आता ते शूर्पणखेच्या नाकावरून पडलं की नऊ टेकड्यांवरून, यावर खुशाल वाद घाला. पेशव्यांवरून नाही पडलं, एवढं नक्की.

लेणी पांडवांची नाहीत हेही तिथेच लिहिलेलं आहे, वाचायची तसदी घेतली तर. ही 24 बौद्ध लेणी, काही शतकांत मिळून झालेली, आणि बऱ्याच ठिकाणी खर्च कुणी केला त्याचं नाव. मला सगळ्यात आवडतो तो 10व्या लेण्याच्या ओसरीतला हिशोब. क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव म्हणून ठेवले. कुठे? राजवाड्यात नाही, देवळात नाही, शेजारच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं खायचं. 2000चं वर्षाचं व्याज झालं 240, त्यातून 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12. हिशोब पैशाला पैसा जुळतो! राजाचा जावई ज्यांच्याकडे बिनघोर पैसे ठेवतो ते विणकर काही दक्षिणेवर जगत नसणार.

काळारामाचं आजचं देऊळ सरदार रंगराव ओढेकरांनी 18व्या शतकाच्या अखेरीस बांधलं. जागेची श्रद्धा जुनी असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 'मज्जाव नव्हता' हे वाक्य वाचून मात्र डोकं फिरलं. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं याच देवळात शिरायला निघाली, दारं बंद झाली आणि सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. मज्जाव नव्हता, तर ती माणसं कशासाठी उभी होती?

राहिली एमआयडीसी. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस 1920च्या दशकातला, सातपूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या खूप आधीचा. आणि त्याच्याही आधीची आमची तांबट आळी. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके, एकाच मापाचे, शेजारी शेजारी, की घंगाळाच्या पोटाला माशाच्या खवल्यांसारखी चमक येते. मामांच्या न्हाणीघरात तिथलंच एक घंगाळ आहे, माझ्या पणजोबांनी घेतलेलं. काठावर त्यांचं नाव कोरलंय, आणि नावापुढे 'नासिक'.