हेडफोन घेतलेत ना? मग आता थोडं थांबा

गेल्या काही दिवसांत तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला: महागातले हेडफोन घेतले, आता पुढे काय घेऊ? डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं उपकरण), ॲम्प (सिग्नलची ताकद वाढवणारं) की केबल? प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. काहीही घेऊ नका. हे मी स्वतः खिसा रिकामा करून शिकलोय.

माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे. २००३ पासूनचं मॉडेल, ३०० ओहमचं (ओहम म्हणजे विद्युत रोधाचं माप). हा ३०० चा आकडा दिसला की कुणीतरी हमखास म्हणतं, "याला तगडा ॲम्प लागतो हं." मीही घाबरून ॲम्प आणला. स्पेसिफिकेशन नंतर वाचलं (उलटा क्रम, माहितीये): १ व्होल्टला १०३ डेसिबल. टाइप-सीला लावायचं चांगलं बोटभर डोंगलसुद्धा साधारण तेवढं व्होल्टेज देतं. १०३ डेसिबलवर सलग ऐकत बसलात तर कानांची वाट लागेल. नुसत्या ओहमवरून काही ठरत नाही. हायफायमनचा एचई६ हा हेडफोन फक्त ५० ओहमचा, पण १ मिलीवॉटला जेमतेम ८३.५ डेसिबल देतो. तो मात्र भल्याभल्या ॲम्पना घाम फोडतो. तेव्हा आवाज पूर्ण वाढवूनही कमीच वाटत असेल तर ॲम्प जरूर घ्या.

पण नवा ॲम्प लावल्यावर मला फरक जाणवला होता, अगदी शपथेवर! मग मल्टिमीटर लावून दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं केलं आणि तो फरक गायब झाला. नवा ॲम्प किंचित मोठ्याने वाजत होता, एवढंच. थोडा मोठा आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. बॅलन्स्ड आउटपुटची (प्रत्येक कानाला दोन उलट सिग्नल देणाऱ्या जोडणीची) अर्धी जादूही हीच. त्यातून बहुतेक वेळा दुप्पट व्होल्टेज येतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त. मग स्टेज (आवाजाचा भासणारा पसारा) रुंद झालं, पडदा दूर झाला वगैरे सगळं सुचायला लागतं.

केबलची गोष्ट तर सांगायलाही लाज वाटते. विणलेली, चकचकीत, वजनदार केबल आणली आणि आठवडाभर घरच्यांना तिचं कौतुक ऐकवलं. शेवटी धाकट्या बहिणीने मला डोळे मिटून बसवलं आणि दर वेळी प्लग काढून लावत दहा फेऱ्या घेतल्या. कागदावर टिपून म्हणाली, "दादा, तू सहा वेळा 'ही नवीच' म्हणालास. त्यातल्या चार वेळा जुनी होती." गणित तिच्याच बाजूने आहे. केबलचा रोध अर्धा ओहम धरला तरी ३०० ओहमपुढे आवाज एक-दोन शतांश डेसिबलने घटतो. खूप कमी ओहमच्या, अनेक ड्रायव्हरवाल्या (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग) इअरफोनची गोष्ट वेगळी, तिथे रोधाने आवाजाचा बाज बदलू शकतो.

मग फरक कशाने पडला? कानाभोवतीच्या कुशनने! रोज वापरून वापरून ती चपटी झाली होती आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण रोज थोडं थोडं दबत गेलं तर कळत नाही. कान जवळजवळ आतल्या जाळीला टेकत होता. कान आणि ड्रायव्हर यांतलं अंतर बदललं, कडेची पकड सैल झाली, की खर्जापासून वरच्या पट्टीपर्यंत सगळंच हलतं. नवी जोडी बसवली, जुनी शेजारी ठेवून पाहिली, तर जाडी निम्मीसुद्धा उरली नव्हती. पहिल्याच गाण्यात तबल्याचा बायाँ मोकळा झाला. तिथे डोळे मिटून परीक्षा द्यायची गरजच पडली नाही. फक्त कुशन मूळ कंपनीचीच घ्या. लेदरची जाड कुशन दिसतात छान, पण तो मग वेगळाच हेडफोन होतो.

आणि अजून हेडफोनच घेतला नसेल तर उरलेलं बजेट त्यातच घाला. आधी ओपन (मागून उघडा) की बंद हे ठरवा. ओपनमधला आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जातो, त्यावरून आमच्या घरी भांडणं झाली आहेत. दुकानात दोन मिनिटं लावून भुलू नका, निदान अर्धा तास डोक्यावर ठेवा. कानशिलं दुखायला लागली तर तो कितीही गोड वाजो, महिन्याभरात कपाटात जाणार. खर्ज कमी वाटला तर आधी इक्वलायझर (खर्ज, वरची पट्टी कमी-जास्त करायची सोय) वापरून बघा, तो फुकट आहे.

ती चकचकीत केबल अजून वापरतोय बरं का. तीन मीटर आहे, पलंगापर्यंत पोचते.