फोनवाल्यांची गाडी आणि आठवं वर्ष

भारतातल्या चर्चेत एक मुद्दा हमखास येतो: इतका चांगला फोन बनवणाऱ्यांना गाडी का जमू नये? जमते की. शाओमीने मार्च 2024 मध्ये एसयू7 ही विजेवरची गाडी बाजारात आणली. ॲपलने मात्र महिनाभर आधीच गाडीचा नाद सोडला होता. पण फोन तीन-चार वर्षांत बदलला जातो, गाडी पंधरा वर्षं चालवायची असते. घोडं इथेच पेंड खातं.

टेस्ला काही फोन बनवत नाही, पण तिच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्सच्या पडद्यामागे 8 जीबीची, फोनमध्ये असते तशीच ईएमएमसी मेमरी, म्हणजे माहिती साठवणारी चिप होती. तिचा प्रत्येक ब्लॉक, म्हणजे कप्पा, साधारण 3000 वेळा पुसून लिहिता येतो. गाडी तो दिवसाला सरासरी 1.4 वेळा लिहायची, म्हणजे पाच-सहा वर्षांत चिप संपली. पडदा गेला की मागचा कॅमेरा गेला आणि काचेवरची वाफ घालवणारं बटणही गेलं, कारण ते पडद्यातच होतं. कंपनीचं म्हणणं, असा भाग गाडीच्या आयुष्यभर टिकेल ही अपेक्षाच चुकीची. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याला ते पटलं नाही. 2021 मध्ये सुमारे 1,35,000 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, म्हणजे रिकॉल कराव्या लागल्या.

म्हणून मला कंपनीच्या नावापेक्षा कायद्याची मुदत महत्त्वाची वाटते. अमेरिकेत रिकॉलची दुरुस्ती विक्रीनंतर 15 वर्षं फुकट करून द्यावी लागते. भारतात एप्रिल 2021 पासून लागू झालेले रिकॉलचे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरतेच आहेत. गाडी कमी चालली आणि तीच चिप आठव्या वर्षी मेली, तर? इंजिन सहसा असं ठरल्या वेळी मरत नाही, मेमरी मरते.

सॉफ्टवेअर घरबसल्या बदलता येतं, हा या कंपन्यांचा खरा गुण. सप्टेंबर 2025 मध्ये शाओमीने चीनमधल्या 1,16,887 एसयू7 गाड्यांची सहायक ड्रायव्हिंगची त्रुटी तशीच दुरुस्त करायला घेतली. झिजलेली चिप मात्र अपडेटने बरी होत नाही. घेताना एवढं तरी विचारा: वीज गेल्यावर दार आतून कशाने उघडतं? काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरला वेगळं बटण आहे का? मेमरीचा बोर्ड सुटा मिळतो, की अख्खं युनिट बदलायचं?