‘बातम्या बंद, डोकं शांत’ म्हणणाऱ्यांना

आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत चार जणांनी एकच मजकूर टाकला: ‘पेपर बंद करा, टीव्ही बंद करा. बातम्या सगळ्या वाईटच असतात. महत्त्वाचं असेल ते कोणी ना कोणी सांगतंच. जगात काय चाललंय ते कळून आपले काय करनं शे?’ शेवटचं ‘आपल्याला काय करायचंय’ हे अहिराणीत कोणी जोडलं कोण जाणे, पण त्यामुळे तो मजकूर घरचाच वाटायला लागला.

‘सगळ्या वाईटच’ हे मला अर्धं मान्य आहे. रात्रीच्या टीव्हीवरच्या भांडणांनी झोप उडते, आमच्याकडे तो आवाज कधीच बंद झाला. पण गोंगाट वेगळा, बातमी वेगळी. तापीवरच्या हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले, किती क्युसेक पाणी सुटलं, ही चार ओळींची कोरडी बातमी असते. तापीकाठच्या माणसाला ती मोटार आणि पाइप वर काढायला वेळ देते. यावलला ऊन पडलेलं असतं आणि जिथून तापीला पाणी येतं तिकडे वर बैतूल-बऱ्हाणपूरला, नाहीतर पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस कोसळलेला असतो. दारात उभं राहून आभाळ बघितलं तर हे कसं कळणार?

‘कोणी ना कोणी सांगतंच.’ मला खरी भीती याच वाक्याची वाटते. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असं फोनवरून ‘कोणी ना कोणी’ सांगितलेलंच होतं. जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. त्याने अफवेचा वेग कमी झाला असेल, पण ती खरी की खोटी हे तपासायचं काम आपल्याकडेच राहिलं. ज्याने पेपरच बंद केला, तो ताडून बघणार कशाशी?

राहिलं ‘आपले काय करनं शे’. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे वेचणी चालू, आणि बाहेरच्या गाठींना दार उघडं. कापूस घरात ठेवायचा की काढून टाकायचा, हे ठरवणाऱ्याने म्हणावं बरं, काय करनं शे!

मी बंद केलं ते एवढंच: जेवणानंतर फोनवरच्या बातम्या, आणि ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ लिहिलेलं काहीही. सकाळी चहाबरोबर पेपर, वीसेक मिनिटं. आधी जिल्ह्याचं पान, मग रावेर-बऱ्हाणपूरचे केळीचे भाव, पावसाळ्यात धरणांचा तक्ता. दिल्लीचं पान नुसतं चाळतो. कापूस किंवा केळी दिसली तर थांबतो. अपघाताचा फोटो असला की आई ते पान उलटं घडी घालून ठेवते.